ओके दाबलं आणि लोकल नायगावच्या पार गेली

अगं, तुझा मेसेज मिळाला. रोज भाईंदरहून वसईला कॉलेजला जाताना जो पूल ओलांडतेस, त्याच पुलावरून, पाणजू बेटाला वळसा न घालता सरळ जाणारी लोकल मिनी प्रोजेक्टमध्ये चालवायची, हे मला फार आवडलं. कॉम्प्युटर ग्राफिक्सला दरवर्षी तीच झोपडी, तीच पवनचक्की आणि तीच सरकणारी गाडी येते. तुझी खाडी वेगळी दिसेल, बघ.

आता रडू नकोस. मेसेज बॉक्स उघडला की लोकल जागेवर गोठते आणि ओके दाबलं की एकदम खिडकीबाहेर फेकली जाते, हा ना तुझ्या गणिताचा दोष, ना एसडीएल या लायब्ररीचा. एसडीएलचं साध्या मेसेज बॉक्सचं फंक्शन बनवलंच आहे तसं. माणूस बटण दाबेपर्यंत ते परतच येत नाही. तुझा लूप सेकंदाला साठ वेळा फिरतो: की-बोर्ड बघतो, गाडी सरकवतो, चित्र काढतो. हे फंक्शन त्या लूपच्या पोटात बसलंय. ते अडलं की सगळंच अडतं, फक्त घड्याळ अडत नाही.

कागदावर मांडून बघ. गाडीचा वेग तू सेकंदाला १२० पिक्सेल ठेवलास. मैत्रिणीने मेसेज वाचून ओके दाबायला आठ सेकंद घेतले. लूप परत सुरू झाला, तेव्हा त्याने मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजलं, तर उत्तर आलं आठ सेकंद. आठ गुणिले १२० म्हणजे ९६० पिक्सेल, आणि तुझी खिडकी ८०० रुंद. गाडी पुलापलीकडचं नायगाव स्टेशन ओलांडून दिसेनाशी होणारच.

उपाय दोन ओळींचा आहे. मेसेज बॉक्स बंद झाल्याच्या पुढच्याच ओळीत 'मागची वेळ' नव्याने घे. आणि लूपमध्ये एक मर्यादा घाल, की दोन फ्रेममधलं अंतर ०.०५ सेकंदाहून जास्त आलं तर ते ०.०५ च धरायचं. दोन्ही कर. पहिल्याने आजची अडचण जाईल. दुसरं अशासाठी, की विंडोजवर कुणी खिडकी माउसने पकडून ओढली तरी लूप असाच अडू शकतो, आणि परीक्षक खिडकी नक्की ओढून बघतात.

आणखी एक. फंक्शनला शेवटी खिडकीचा पॉइंटर द्यायची जागा आहे, तिथे तू नल दिलंयस. तुझी मुख्य खिडकी तिथे दे. नाहीतर फुलस्क्रीनमध्ये मेसेज बॉक्स मागे दडून बसू शकतो आणि समोरच्याला वाटतं प्रोग्रॅम मेला. आणि तो ज्या थ्रेडमध्ये खिडकी बनवलीस त्याच थ्रेडमधून बोलाव. बरं, हे फंक्शन एसडीएल सुरू करायच्या आधीही चालतं. म्हणजे सुरुवातच फसली तर निदान का फसली ते तरी दाखवता येतं. तिथे ते जरूर वापर.

तुझ्या सरांनी टर्बो सीमध्ये करून दाखवलेलं तुला जुनाट वाटतं, हे मला कळतं. पण ते टाकून देऊ नकोस. बोरलँडचं टर्बो सी १९८७ मधलं, आणि आपल्याकडे कितीतरी मुलं नागपूरच्या यशवंत कानेटकरांची पुस्तकं पुढ्यात ठेवूनच सी शिकली. त्या काळी पॉपअप हाताने उभा करावा लागायचा. आधी इमेजसाइजने जागा मोजायची, मॅलॉकने मेमरी घ्यायची, गेटइमेजने पडद्याचा तेवढा तुकडा उचलून ठेवायचा, वर बारने चौकट आणि आउटटेक्स्टएक्सवायने अक्षरं काढायची, आणि काम झालं की पुटइमेजने जुना तुकडा परत जागेवर. रांगोळीवर पाट टेकवायचा असेल तर खालची नक्षी आधी उतरवून घ्यावी, तसं. विसरलीस तर पॉपअप गेला तरी त्याचं भोक चित्रात राहायचं.

१६ रंगांच्या ६४० बाय ४८० पडद्यावर ३०० बाय १२० चा तुकडा साधारण १८ हजार बाइट खातो. आख्खा पडदा दीड लाखाच्या वर जातो, आणि गेटइमेजची झेप ६४ केबीच्या आतली. त्यामुळे पॉपअप लहान ठेवणं भागच होतं. व्हायव्हात हे विचारतील. मग तू वापरतेस त्या ओपनजीएलमध्ये तुकडा का जपावा लागत नाही? कारण आपण दर फ्रेमला सगळं चित्र नव्याने काढतो. एवढं एक वाक्य तुला समजून सांगता आलं, तर पुढचे निम्मे प्रश्न येणारच नाहीत.

आता तुझा खरा प्रश्न, डिअर इमगुई घेऊ का? घे, पण कशासाठी ते ठरवून घे. ओमर कोर्न्युची ही लायब्ररी एमआयटी परवान्याची, फुकट आहे, आणि तिचा पॉपअप तुझ्याच चित्रात, तुझ्याच लूपमध्ये काढला जातो. म्हणजे मागे लोकल चालू राहते. गाडीचा वेग, आभाळाचा रंग, भरती-ओहोटी असल्या सेटिंगसाठी ती उत्तम. तिच्यात एक ठेच हमखास लागते: मेन्यूच्या आत ओपनपॉपअप म्हणायचं आणि मेन्यूच्या बाहेर बिगिनपॉपअपमोडल. दोन्हींचा आयडी जुळत नाही आणि काही म्हणजे काही दिसत नाही, एररही येत नाही. मेन्यूत फक्त एक बूल खरा कर, मेन्यू संपल्यावर तो तपासून पॉपअप उघड आणि लगेच खोटा कर. एंडपॉपअप मात्र बिगिनने खरं सांगितलं तरच.

पण मराठी? इथे मी तुला स्पष्ट सांगते, तुझ्या पॉपअपमधली वाक्यं मराठीतच असू देत. तो प्रोग्रॅम तू आईला दाखवणार आहेस, तिला इंग्रजी चौकटीत का अडकवायचं? अडचण अशी, की इमगुईला देवनागरी फॉन्ट दिलास तरी ती अक्षरं एकामागे एक नुसती मांडते, जुळवत नाही. 'स्थिती' लिहिलंस तर स चा पाय मोडलेला दिसेल, थ सुटा पडेल आणि पहिली वेलांटी थ च्या पुढे जाऊन बसेल. विंडोजवर एसडीएलचा मेसेज बॉक्स ऑपरेटिंग सिस्टिमकडून काढला जातो, म्हणून तिथे जोडाक्षरं नीट येतात. फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह कर. चित्रातच मराठी हवं असेल तर अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझसह बांधलेली एसडीएल टीटीएफ घेऊन वाक्याचं टेक्श्चर बनव. थोडी मेहनत आहे, पण ती सार्थकी लागते.

तेव्हा माझं मत असं: एरर आणि 'बाहेर पडायचं का' यांसाठी एसडीएल, सेटिंगसाठी इमगुई. पॉपअपसाठी तिसरी लायब्ररी या प्रोजेक्टात आणू नकोस.

आणि दर स्टेशनला 'गाडी पोचली' असा पॉपअप ठेवलायस ना, तो काढून टाक. गाडी पोचलेली दिसतेच आहे. माणसाचा हात थांबवायचा तर त्याचं काही जाणार असेल तेव्हाच, न जतन केलेलं काम पुसलं जाणार असेल तेव्हा. तिथे 'येस' आणि 'नो' ठेवू नकोस. एसडीएलच्या मोठ्या मेसेज बॉक्स फंक्शनला स्वतःची बटणं देता येतात, तर 'जतन करा', 'जतन न करता बाहेर', 'परत जा' अशी दे. एंटर 'जतन करा'ला जोड आणि एस्केप 'परत जा'ला. घाईत कुणी एंटर दाबलं तरी काम जाता कामा नये.

स्टेशनबाहेर तयार प्रोजेक्ट विकत मिळतो हे मलाही माहीत आहे. घेऊ नकोस गं. तुझा पूल तुझ्याच हातचा असू दे. आज रात्री आधी तेवढी वेळ नव्याने घ्यायची ओळ टाक, मेसेज बॉक्स मुद्दाम अर्धा मिनिट उघडा ठेव, मग ओके दाब. गाडी जिथे होती तिथूनच निघाली तर मला लगेच कळव, आणि शनिवारी लॅपटॉप घेऊन घरी ये. जोडाक्षरांचं आपण दोघी मिळून बसवू.