शुगर निघाली? चला, पुन्हा चालायला लागू

रिपोर्टमध्ये टाइप २ मधुमेह आला, आणि धसक्याने होतं नव्हतं तेवढं चालणंही बंद पडलं. काही हरकत नाही. जबलपुरात राहत असाल तर भंवरतालच्या बागेपासूनच सुरुवात करू. क्रम तेवढा मोडू नका.

सामान: बंद बूट, सुती मोजे, शुगर तपासायचं मशीन, साखर, पाण्याची बाटली, छोटी वही.

निघण्याआधीच्या आठवड्यात

१. डॉक्टरांकडून बीपी, हृदय आणि पाय तपासून घ्या. जिना चढताना छातीत दडपत असेल, तर ते न विचारता सांगा.

२. औषधांची चिठ्ठी दाखवून विचारा, "यातल्या कशाने साखर एकदम खाली जाऊ शकते?" इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडने जाऊ शकते. मात्र डोस स्वतःच्या मनाने कमी करायचा नाही.

३. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. तोवर जड वजन उचलू नका.

४. बूट संध्याकाळी विकत घ्या. तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, त्यामुळे माप चुकत नाही. आधी दोन-चार दिवस घरातच वापरा; नव्या बुटाचा फोड इथे महागात पडतो.

५. तीन चहाचे चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पुडीत बांधून ठेवा. त्याऐवजी खोव्याची जिलबी चालणार नाही. तुपामुळे तिची साखर रक्तात पोचायला उशीर लागतो.

पहिल्या सकाळी, घरात

६. तळवे पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा आणि त्यावर पाय धरा. बोटांच्या बेचक्याही बघा. जखम किंवा फोड दिसला तर आज चालणं नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

७. बुटात हात घालून टोकापर्यंत चाचपा. पायाची जाणीव कमी झाली असेल तर एवढासा खडाही टोचलेला कळत नाही.

८. साखर तपासा. इन्सुलिन किंवा साखर खाली नेणारी गोळी चालू असेल आणि आकडा ९० च्या खाली असेल, तर आधी एक केळं खा. आकडा २५० च्या वर असून मळमळ, फार तहान किंवा थकवा असेल, तर न चालता डॉक्टरांना फोन करा.

९. साखरेची पुडी आणि मशीन सोबत घ्या. "बागेतच तर जातोय" म्हणून ती घरी ठेवू नका.

बागेत

१०. पाच मिनिटं रमतगमत चाला. शेजारचे झपाझप पुढे जातील, जाऊ द्या.

११. पुढची पाच मिनिटं वेग थोडा वाढवा. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच. बोलताना धाप लागली तर वेग उतरवा.

१२. शेवटची पाच मिनिटं पुन्हा हळू चाला. आणखी एक फेरी मारावीशी वाटेल, ती उद्यासाठी ठेवा.

मध्येच थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर: तिथेच बसा, पुडीतली साखर खा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा ७० च्या खालीच असेल तर आणखी तेवढीच साखर खा. छातीत दुखलं तर मात्र थेट दवाखाना गाठा.

घरी आल्यावर

१३. साखर पुन्हा तपासा. इन्सुलिन चालू असेल तर ती काही तासांनी, अगदी रात्रीही खाली येऊ शकते.

१४. मोजे काढून तळवे पुन्हा पाहा. लाल डाग दिसला तर बूट बदला.

१५. दोन्ही आकडे वहीत लिहा. पुढच्या भेटीत ही वही डॉक्टरांना हवीच असते.

पुढचे आठवडे

१६. दर आठवड्याला मधल्या जलद चालण्यात पाच मिनिटं वाढवा. सहाव्या आठवड्यात ती ३० होतील. आठवड्याचे पाच दिवस धरले तर १५० मिनिटं झाली! दम लागला तर त्याच आठवड्यात आणखी सात दिवस राहा.

१७. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पडू देऊ नका. मे महिन्यात ऊन चढायच्या आत उरका, नाहीतर घरातच फेऱ्या मारा.

१८. सातव्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान एक दिवस सोडून, खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. श्वास रोखू नका.

१९. हे सगळं अंगवळणी पडलं की एका सकाळी नर्मदेवरच्या ग्वारीघाटावर जा. सगळे अनवाणी उतरतील, तुम्ही बूट घालूनच वरच्या पायरीवर थांबा. ऊन चढलं की दगड तापतो, पाण्याजवळ निसरडाही असतो. नर्मदामाईला नमस्कार वरूनही पोचतो, आणि तुमचे पाय उद्याच्या फेरीसाठी शाबूत राहतात.