पट्टागडाची वाट कोणी ठरवली?

प्रश्न : गुप्तचर खात्यातला विश्लेषक हेरगिरी करत नसेल, तर दिवसभर करतो काय? उपग्रह आणि संगणक असताना माणूस कशाला लागतो?
— बारावीची विद्यार्थिनी, अकोले

उत्तर : तुझ्याच तालुक्यातलं उदाहरण घे. नोव्हेंबर १६७९. जालना लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांना संगमनेरजवळ मोगलांनी गाठलं. लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. सोबत जड लूट, पाठीवर शत्रू. तेव्हा हेरप्रमुख बहिर्जी नाईकांनी फौज आडवाटेनं पट्टागडावर आणली. महाराज तिथे विसावले, म्हणून तो विश्रामगड.

आडवाट ठाऊक असणं ही माहिती झाली. शत्रू कुठवर आला असेल, लादलेली जनावरं कोणता चढ चढतील, हे ताडून ‘हीच वाट’ म्हणणं हे विश्लेषण. आज माहिती आणणारे वेगळे आणि ती जुळवणारा वेगळा. खबऱ्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं? दोन खबरींचा उगम एकच तर नाही? हे विश्लेषक आधी तपासतो. मग कळलेलं काय, अंदाज काय आणि त्या अंदाजाची खात्री किती, हे वेगवेगळं लिहितो. माझ्या मते हेच सर्वांत अवघड, कारण वरिष्ठांना नको असलेलं उत्तरही लिहावं लागतं.

तंत्रज्ञान हवंच. पावसाळ्यात घाटघरवर ढग उतरले की साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह आंधळा होतो. रडारच्या उपग्रहाला ढगांतून आणि रात्रीही दिसतं. एप्रिल २००९ मध्ये सोडलेला रिसॅट-२ तसाच होता. पण चित्रांइतकीच गरज असते ती उर्दू, इंग्रजी, मराठी नोंदींत वेगवेगळं लिहिलेलं एकच नाव ओळखणाऱ्या आणि जुनी खबर नव्या खबरीशेजारी आणून ठेवणाऱ्या संगणकप्रणालीची.

पण खबर हाती असणं पुरेसं नसतं. मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्याआधी समुद्रमार्गे हल्ल्याच्या आणि ताज हॉटेलला धोका असल्याच्या सूचना आल्या होत्या. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीनं राज्य पातळीवर अशा सूचना हाताळण्यातल्या गोंधळावर बोट ठेवलं. वेगवेगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र आणायला दिल्लीत इंटेलिजन्स ब्युरोचं मल्टी एजन्सी सेंटर आहे. त्या हल्ल्यानंतर ते बळकट केलं गेलं.

तुला या कामात यायचं असेल, तर ब्युरोच्या सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी पदाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. भूगोल आणि संख्याशास्त्र मन लावून शीक. सीमेपलीकडची एखादी भाषाही आत्तापासूनच सुरू कर.