तोंडओळखीची ताकद

प्रश्न : मी सांगलीचा, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. लिंक्डइनवर रोज २-३ तास जातात. ४० अर्ज केले, एकही फोन आला नाही. चुकतंय कुठे? – एक वाचक

उत्तर : तुमचे कष्ट खरे आहेत, पण ते नको तिथे खर्च होताहेत. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं, की नोकरीची बातमी बहुतेकदा जिवलगांकडून नव्हे, तोंडओळखीच्या माणसांकडून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सभासदांवरचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला, त्यातही थोड्या दूरच्या ओळखीच जास्त कामी आल्या. साहजिक आहे. जिवलग मित्राला जे कळतं, ते तुमच्याही कानावर आलेलंच असतं.

तेव्हा कॉलेजात तुमच्या पुढे असलेला, आता चाकणला लागलेला एखादा मुलगा शोधा. ‘जागा आहे का?’ असं विचारू नका. लिहा : ‘दादा, मी आपल्याच कॉलेजचा. सीएनसीवर नवी मुलं घेताना तुमच्याकडे काय बघतात? दहा मिनिटं बोलाल का?’ अशा प्रश्नाला माणसं मनापासून उत्तर देतात. प्रोफाइलवरही नुसतं ‘नोकरीच्या शोधात’ नको, कोणतं मशीन हाताळलंय ते लिहा.

सवयीचं म्हणाल, तर सकाळचा चहा झाला की असा एकच मेसेज पाठवायचा आणि फोन ठेवून द्यायचा. लंडनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, काहींना त्याहून कितीतरी जास्त. मधला एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही. तुमचाही चुकेल. दुसऱ्या दिवशी चहानंतर पुन्हा बसा.