टॅपेट गप्प होतं, तरी व्हॉल्व्ह कसा जळाला?

प्रश्न : आमच्या ट्रकला कमिन्सचं ५.९ लिटरचं, बारा व्हॉल्व्हचं, जुन्या पद्धतीच्या पंपाचं इंजिन आहे. टॅपेट कटकट वाजायचं म्हणून सेटिंग करून घेतलं. इंजिन एकदम शांत झालं, आम्हीही खूश झालो. उन्हाळ्यात मात्र पिकअप गेलं. हेड उतरवलं तर चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळालेला. आवाजच नव्हता, तर बिघाड आला कुठून?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : बहुधा त्या शांततेतूनच आला. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. तुमच्या इंजिनात ती इनटेकला ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर असते. मोजायची ती इंजिन थंड असताना, म्हणजे ६० अंशांच्या खाली. एक्झॉस्टची फट दुप्पट, कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि त्याचा दांडा जास्त लांबतो. ही फट असली की हलकी टकटक यायचीच. कानाला बरं वाटावं म्हणून ती मापापेक्षा कमी केली तर तापलेल्या व्हॉल्व्हला सीटवर पुरतं बसायला जागा उरत नाही.

आणि बसणं हाच त्याचा श्वास आहे. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकलेल्या कडेतूनच हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. इंजिन १८०० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ९०० वेळा, म्हणजे सेकंदाला १५ वेळा उघडतो. टेकायला मिळणारा वेळ आधीच क्षणभराचा. तोही अपुरा पडला की कड तापत जाते, फटीतून जळता वायू निसटतो आणि पोलादाला चीर पाडतो. सैल टॅपेट ओरडून सांगतं, टाइट टॅपेट काहीच सांगत नाही. म्हणून मला वाजणाऱ्या इंजिनापेक्षा सेटिंगनंतर अचानक मुकं झालेल्या इंजिनाची जास्त काळजी वाटते.

दोष सगळा सेटिंग करणाऱ्याचाच असेल असं नाही. फट आपोआपही कमी होते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, दांड्याचं टोक रॉकरच्या जवळ येतं. उलट कॅम, टॅपेट किंवा पुशरॉडचं टोक झिजलं तर फट वाढते. म्हणजे फट कोणत्या बाजूला बदलली यावरून झीज कुठे आहे ते कळतं. पण बहुतेक ठिकाणी आधीची फट न मोजताच स्क्रू फिरवतात आणि हा पुरावा पुसला जातो. माझा आग्रह एवढाच, की स्क्रूला हात लावण्यापूर्वी बाराही मापं कागदावर उतरवा. एखादा व्हॉल्व्ह दर वेळी टाइट सापडला तर त्याची सीट खचते आहे. एखादा पुन्हापुन्हा सैल सापडला तर त्या कॅमची उचल डायल गेजने मोजा. आणि सेटिंग बरोबर असूनही वाजत असेल तर रॉकरचं टोक बघा. तिथे खळगा पडला असेल तर फिलर गेजची सपाट पट्टी खळग्यावरून आडवी जाते आणि खरी फट तुमच्या मापापेक्षा जास्त राहते.

आवाज टॅपेटचा की इंजेक्टरचा, हा घोळ नेहमीचा. तुमच्या जुन्या पंपावर इंजिन सावकाश चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा पाइप सैल करता येतो. ठोका थांबला तर तो जळण्याचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हच्या बाजूचा. कॉमन रेल इंजिनावर मात्र हे कधीही करू नका, त्यातला डिझेलचा दाब कातडी भेदून आत शिरतो. गळती शोधायला पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये हवा सोडा. सायलेन्सरकडे फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडे आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा.

घाटाबद्दलही सांगतो, कारण संगमनेरहून खाली मुंबईकडे जाताना कसारा लागतो. भरलेली गाडी उतारावर खालच्या गिअरमध्ये धावत सुटली की चाकंच इंजिनाला फिरवतात. गव्हर्नर डिझेल तोडू शकतो, फेऱ्या रोखू शकत नाही. ठरलेल्या मर्यादेपलीकडे स्प्रिंगला कॅमच्या मागे धावता येत नाही, व्हॉल्व्ह अधांतरी राहतो, पिस्टनला भिडतो आणि पुशरॉड वाकतो. अशा प्रवासानंतर एकाच सिलिंडरची फट एकदम मोठी झाली तर पुशरॉड काढून काचेवर लोळवून बघा, वाकलेला लगेच उड्या मारतो. उपाय घाट उतरण्याआधीचा : वेग कमी करून गिअर आधी बदला. न्यूट्रलमध्ये उतरणं तर ब्रेकसाठी घातक.

ऑइलकडे दुर्लक्ष नको. काजळी धरलेलं ऑइल टॅपेट आणि रॉकर घासतं. अमेरिकेत १९९८ साली आलेल्या सीएच-४ या ऑइल दर्जाच्या चाचणीत काजळीच्या ऑइलवर इंजिन चालवून, रॉकरखाली दोन व्हॉल्व्ह एकदम दाबणाऱ्या पुलाचं वजन किती घटलं तेच मोजलं जातं. तुमच्या इंजिनात टॅपेट काढायला कॅमशाफ्टच बाहेर घ्यावा लागतो, त्यामुळे वेळेवर बदललेलं ऑइल नेहमीच स्वस्त पडतं. तासन्‌तास उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणंही टाळा, दांड्यावर कार्बन बसून व्हॉल्व्ह अडकतात.

हेड अजून उतरलेलंच असेल तर एकटा चौथा व्हॉल्व्ह बदलून थांबू नका. उरलेल्या पाचही एक्झॉस्ट सीट आणि गाइड तपासून घ्या, आणि जोडणीनंतरची बारा मापं गाडीच्या कागदांसोबत ठेवा.