पायावरची सरकणारी रेघ : खर्च किती आणि वाया कुठे जातो

गोव्याहून किंवा फुकेतहून परतून आठ-दहा दिवस झालेत. तळपायावर लाल, नागमोडी रेघ उमटली आहे, खाजेने रात्री झोप लागत नाही आणि काल टाचेशी असलेलं टोक आज पुढे सरकलंय. हा नायटा नव्हे. कातडीत अळी चालते आहे. खात्री करायची तर टोकाशी पेनाने खूण करा, फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

ही अळी कुत्र्या-मांजरांच्या आतड्यात राहणाऱ्या हुकवर्मची. विष्ठेतली अंडी वाळूत उबतात आणि अनवाणी पाय किंवा टेकलेली मांडी मिळाली की अळी आत शिरते. माणसाच्या शरीरात तिची वाढ होत नाही. सहसा ती वरच्या थरातच भरकटते आणि काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत मरते. घाबरण्यासारखं काही नाही, पण तोवर खाज सोसायचंही कारण नाही.

कारण औषध स्वस्त आहे. आयव्हरमेक्टिनची १२ मिलिग्रॅमची गोळी ब्रँडनुसार साधारण ५० रुपयांच्या आतबाहेर मिळते आणि बहुतेकांना वजनानुसार ठरलेला एकच डोस पुरतो. दुसरा पर्याय अल्बेंडाझोलचा: ४०० मिलिग्रॅमची गोळी १० रुपयांच्या आसपास, तीन ते सात दिवस. गरोदर स्त्रिया आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाची मुलं यांना आयव्हरमेक्टिन सहसा देत नाहीत, म्हणून गोळी मनाने घेऊ नका. मुंबई-पुण्यात त्वचारोगतज्ज्ञाची फी साधारण ५०० ते १,५०० रुपये. म्हणजे खरा खर्च फीचाच. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत; तिथे तोही वाचतो.

पैसे वाया जातात ते वेगळ्याच ठिकाणी. दुकानदाराला पाय दाखवला की स्टेरॉइड मिसळलेली नायट्याची ट्यूब हातात पडते. ती संपली की दुसरी. खाज थोडी दबते, अळी चालतच राहते आणि कातडी पातळ होते ती वेगळीच. मग कोणी रक्ततपासण्या लिहून देतं, कोणी बायॉप्सी सुचवतं. या आजाराचं निदान रेघ पाहून आणि प्रवासाची हकिगत ऐकूनच होतं. साध्या केसमध्ये दोन्हींची गरज नसते. रेघेचं टोक गोठवून किंवा जाळून घेण्यासाठी तर एक रुपयाही देऊ नका. अळी दिसणाऱ्या टोकाच्या पुढे गेलेली असते, त्यामुळे नुसता व्रण पदरी पडतो. डॉक्टरांना आधी सांगा: कुठे गेलो होतो, किती दिवस झाले, वाळूत अनवाणी चाललो का.

विम्यावर भिस्त ठेवू नका. बहुतेक प्रवास विमा परतल्यानंतरच्या उपचारांना लागू नसतो आणि साध्या आरोग्य विम्यात ओपीडीचा खर्च सहसा धरत नाहीत.

रेघ नसून न भरणारी जखम असेल आणि दोन-तीन आठवडे उलटले असतील, तर प्रकरण निराळं. तिथे तपासण्यांवरचा खर्च टाळू नका.

पुढच्या सहलीत पायात चप्पल ठेवा आणि भरतीच्या पाण्याने धुतली न जाणारी कोरडी वाळू बसायला टाळा. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, पण वाळू सगळ्यांची एकच होती. तिथे किल्ले करत बसलेल्या मुलांचे पाय आणि ढुंगण आज अंघोळीच्या वेळी नीट बघा.