उभ्या गाडीचे आवाज

बँकेतील नोकरी म्हटली की बदली आलीच. माझी बदली कोलकात्यास झाली आणि पुण्यातील आमची मोटार वडिलांच्या स्वाधीन झाली. रात्री-अपरात्री आईला रुग्णालयात न्यायची वेळ आली तर गाडी दारात हवी, हा त्यांचा आग्रह. दिवाळीच्या रजेत मी घरी आलो, तेव्हा ती अडीच महिने जागची हलली नव्हती. रस्त्यावर घेताच चाकांतून लयीत ‘धप्-धप्’ ऐकू येऊ लागले. शेजाऱ्यांनी बेअरिंग बदलण्याचा सल्ला दिला. परंतु पंधरा-वीस किलोमीटरनंतर आवाज आपोआप थांबला.

दोष टायरांचा होता. गाडीचा भार एकाच जागी राहिल्याने टायर तेथे चपटा होतो; चालवून तापला की बहुधा पूर्ववत होतो. म्हणून निदान करताना ‘काय वाजते’ याइतकेच ‘केव्हा वाजते’ हेही विचारावे. हिशेबातील फरक शोधताना आपण आधी तारीख पाहतो, तसेच हे आहे.

सुरू करताना : नुसती ‘टक्-टक्’ होऊन इंजिन फिरत नसेल, तर प्रथम संशय बॅटरीवर घ्यावा. इंजिन सुरू होताच वरच्या भागात क्षणभर खडखड होणे संभवते, कारण तेल खाली उतरलेले असते. ती थांबली नाही किंवा तेलाचा लाल दिवा विझला नाही, तर इंजिन त्वरित बंद करावे. किंचाळल्यासारखा आवाज बहुधा पट्ट्याचा असतो. पंख्यातून खरखर आल्यास उंदरांनी आणलेला पालापाचोळा शोधावा. म्हणूनच चावी फिरवण्यापूर्वी बॉनेट उघडून कुरतडलेल्या तारा पाहाव्यात.

चालताना : वेगाबरोबर वाढणारी धपधप टायरची असू शकते. ती टिकून राहिली किंवा टायरच्या बाजूस फुगवटा दिसला, तर टायर बदलणेच इष्ट. टायरवरील चार अंकी खुणेतून त्याचे वय कळते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वेगानुसार चढत जाणारी घरघर मात्र बेअरिंगची असण्याचा संभव अधिक.

वळताना : चाक पूर्ण वळवल्यावर ‘कट्-कट्’ होत असेल, तर पुढच्या ॲक्सलचा सांधा तपासून घ्यावा.

ब्रेक लावताना : पहिल्या काही वेळा होणारी खरखर डिस्कवरील गंजाची असते व ती घासून जाते. न गेल्यास गाडी मिस्त्रींना दाखवावी.

येथेच माझी चूक होणार होती. धपधप थांबल्याच्या आनंदात मागून येणाऱ्या बारीक घासण्याकडे मी दुर्लक्ष केले. ‘तेही जाईल’, असे वाटले. घरी पोहोचल्यावर मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला, तर धग लागली. मिस्त्री म्हणाले, “साहेब, हँडब्रेक ओढून गाडी उभी ठेवली होती ना? तो सुटलेलाच नाही. असेच लांब गेला असता, तर ब्रेकने दगा दिला असता.” ज्या रात्रीसाठी गाडी राखली होती, त्याच रात्री तिने घात केला असता.

तेव्हापासून घरी नियम झाला. गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना विटा लावून ठेवावी. हँडब्रेक ओढू नये. टायरांतील हवा तपासावी. आठवड्यातून एकदा अर्धा तास प्रत्यक्ष चालवावी. जागेवर इंजिन चालू ठेवल्याने बॅटरी पुरेशी भरत नाही, आणि बंद गॅरेजमध्ये तर विषारी वायूमुळे जिवावर बेतते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार खातेदाराने दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार न केल्यास खाते निष्क्रिय ठरते. गाडी इतकी सवड देत नाही. वडील आता दर रविवारी आईला घेऊन फेरफटका मारतात आणि ऐकलेला प्रत्येक आवाज तारीखवार वहीत टिपतात. गेल्या रविवारची नोंद एकाच शब्दाची होती : ‘शांत’.