राजद्रोहाची रिकामी जागा

१९७५ साली मी पुण्यातल्या एका लहान छापखान्यात जुळारी होतो. वय बावीस. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत मला कुणी पकडलं नाही, साधा दमही दिला नाही. तरी तेव्हा कळलेल्या काही गोष्टी जन्मभर पुरल्या.

१. पाळतीला पोलीस लागतोच असं नाही.
समोरच्या हॉटेलात रोज एक जण चहा घेत बसायचा. साध्या वेशातला पोलीस, अशी आमची खात्री. सहा महिने आम्ही हळू आवाजात बोललो. पुढे कळलं, तो विमा एजंट होता. गिऱ्हाइकांची वाट पाहायचा.

२. सेन्सॉरच्या आधी आपणच कात्री चालवतो.
एका शाळेच्या स्मरणिकेत मास्तरांचा लेख होता, टिळकांवरच्या १९०८च्या खटल्याबद्दल. ‘राजद्रोहाच्या खटल्यात’ असं त्यांनी लिहिलेलं. ओळ जुळवून झाल्यावर मी ‘राजद्रोहाच्या’ काढून टाकलं. इंग्रजांच्या राज्यातला राजद्रोह, पण मला तोही नको होता! मास्तर प्रूफ बघायला आले. त्या जागेवर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. दोघंही गप्प.

३. भित्र्याला सबब लगेच सापडते.
आणीबाणीसाठी ‘अनुशासनपर्व’ हा शब्द तेव्हा सगळीकडे ऐकू यायचा. गाड्या वेळेवर येतात, कारकून जागेवर सापडतात, हे मीही हौसेनं सांगायचो. शिस्तीचं मला कौतुक नव्हतं. गप्प बसण्याला एक बरंसं नाव हवं होतं.

४. धीट माणूस आपल्याला सुखानं बसू देत नाही.
डिसेंबर १९७५, कराडचं साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. मंत्र्यांच्या देखत दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. कराडची हकिकत आमच्यापर्यंत कानोकान आली. ऐकून छाती फुगली. मग स्मरणिका आठवली आणि मान खाली गेली.

५. एकट्याचं म्हणणं लिहून ठेवलेलं बरं.
२८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवलं की, आणीबाणीत स्थानबद्धांना सुटकेसाठी कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. एकटे ह. रा. खन्ना विरुद्ध गेले. त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला मिळालं. पण १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं जगण्याच्या हक्काला आणीबाणीतही हात लावता येणार नाही असं केलं. आणि २०१७मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना न्यायालयानं तो जुना निकालही मोडीत काढला. एक्केचाळीस वर्षं लागली.

६. हुकूम उठतो, सवय उठत नाही.
मार्च १९७७मध्ये आणीबाणी संपली. आज आमच्या सोसायटीच्या जिन्यात कॅमेरा आहे, चोरांसाठी बसवलेला. त्याच्याखाली आलो की माझा आवाज आपोआप उतरतो. घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही लिहायला घेतलं की अंगठा अडतो. समोर कोण बसलंय, पोलीस की विमा एजंट, हे आता बघताही येत नाही.

ती स्मरणिका मी जपून ठेवली आहे. ‘टिळकांना’ आणि ‘खटल्यात’ या शब्दांमध्ये जरा जास्त फट दिसते. शब्द काढला की ओळ ढिली पडते, म्हणून तिथे कोरे खिळे भरावे लागतात. ते मीच भरले होते.